उजव्या चाकावरचा जोड

भाई,

बाबा जहाजावरून घरी आले ते चौघांनी उचलून आणले. मालाच्या खणात पडले, पाठीचा कणा गेला. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, मला फक्त ओसरीत टेकवलेली खाट आठवते. तू सातवीत होतास. त्या जूनला तू शाळेत गेलाच नाहीस. कुणी तुला जाऊ नको म्हटलं नव्हतं. तू आपणच महाडजवळच्या हायवेवर, ट्रकच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलास.

आय टोपलीत सुके बोंबील आणि जवळा घेऊन तीन गावं पायी फिरायची. विकून उरलेलं आम्ही खायचो, आणि जास्त विकलं गेलं की खायला कमी, हे मला लहानपणी कळायचं नाही, मी रडायचो. जुम्म्याला, शुक्रवारी, तू घरी यायचास तेव्हा आय तुझे हात नारळाच्या काथ्याने आणि राखेने घासायची, तरी नखांतलं काळं जायचं नाही. दोन वर्षांनी आपला मधला, इक्बाल, तुझ्यामागे त्याच गॅरेजात गेला. मग माझी पाळी आली. गॅरेजच्या शेठने विचारलंसुद्धा, तिसरा कधी येतोय? तू म्हणालास, "हा नाय. हा शिकेल."

एवढंच म्हणालास. त्या एका वाक्यावर मी बी.कॉम. झालो. आपल्या सात पिढ्यांत पहिला. याचा मला अभिमान आहे, आजही आहे, आणि पुढे जे लिहितोय ते त्याच अभिमानाबद्दल आहे म्हणून आधीच सांगून टाकतो.

तुला माती दिली त्याला आता तीन आठवडे झाले. अजून चाळीसावा दिवस व्हायचाय. आपल्या शर्यतींच्या क्लबच्या सेक्रेटरीने मागच्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. आखातातल्या स्टॉक गाड्यांच्या शर्यतींचा इतिहास ते छापताहेत, त्यात एक पान आपलं आहे: तीन भाऊ, एक गाडी. त्या पानाचा कच्चा मसुदा त्यांनी माझ्या हातात दिला. तुझा फोटो चांगला आलाय, हेल्मेट काखेत, तोंडभर हसू. त्याखाली निकालांची यादी. आणि जी एकच शर्यत तू जिंकलास तिच्यापुढे लिहिलंय: "अपात्र. चालकाने दुरुस्ती लपवली."

चालकाने. म्हणजे तू.

भाई, ती ओळ खोटी आहे हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आपण दोघं नऊ वर्षं एका ताटात जेवलो.

लोक मला विचारतात, तुम्ही गॅरेजवाले शर्यतीत कसे काय शिरलात? मी सांगतो, भंगारातून. आपण तिघं कामाला बहरीनला आलो, आणि इथे सलमाबादच्या तुझ्या गॅरेजमागे ती पांढरी जपानी सेडान येऊन पडली होती, पुढून चेपलेली, मालकाने सोडून दिलेली. तू दोन महिने तिच्याभोवती फिरलास. इक्बाल म्हणाला, "भाई, लगीन कर तिच्याशी, म्हणजे सुटशील." मग कुणा गिऱ्हाइकाने तुला सांगितलं की थंडीच्या दिवसांत ट्रॅकवर साध्या गाड्यांची शर्यत असते, गाडी कंपनीने बनवली तशीच्या तशी पाहिजे, इंजिनला हात लावायचा नाही, सीटसुद्धा काढायची नाही. तू म्हणालास, "म्हणजे पैसेवाल्याला काय वेगळं करताच येत नाय? मग ही आपली शर्यत."

कामं आपोआप वाटली गेली. स्टिअरिंग तुझं, इंजिन इक्बालचं, कागद माझे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, शंभरावर पानांचं. तू ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलंस, जसं बाबांचं औषध द्यायचास. "ग्रॅज्युएट, हे तुझं. आमाला फक्त सांग, काय करायचं आन काय नाय."

तू मला ग्रॅज्युएटच म्हणायचास. बाब अल बहरीनच्या बाजारात मला इंटरव्ह्यूसाठी शर्ट घ्यायला नेलंस तेव्हा दुकानदाराला, बुसैतीनला तुझ्या घराजवळच्या मशिदीबाहेर जोडे घालता घालता अनोळखी माणसाला, गॅरेजात गाडी सोडायला आलेल्या बहरैनी बाईला. "हा आमचा ग्रॅज्युएट." मी वरवर चिडायचो. आतून मला ते फार आवडायचं.

सौदीतून पूल ओलांडून टीमा यायच्या, कुवेतहून यायच्या, ट्रेलरवर गाड्या चढवून, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. आपली गाडी आपल्याच चाकांवर ट्रॅकला जायची आणि मागच्या सीटवर, जी काढायची नाही असा नियम होता, वहिनीच्या बिर्याणीचा टोप बसायचा. टोपाला बेल्ट लावायचास तू. शर्यतीआधी टोप उतरवायचा, आणि मग तू डोळे मिटून गाडीत बसायचास, उजवा हात गिअरवर, आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचास: तीन, दोन, दोन, तीन, चार, चार, दोन... अख्ख्या ट्रॅकची वळणं गिअरच्या आकड्यांत. माळ ओढल्यासारखी. मध्ये कुणी बोललं की पहिल्यापासून. एकदा इक्बालला शिंक आली तर तू त्याच्याकडे असं बघितलंस की तो पुढच्या वेळी लांब जाऊन उभा राहिला.

चौथे आलो, पाचवे आलो, एकदा दुसरे आलो. लोक आपल्याला ओळखायला लागले. आणि त्या ओळखीत एक दिवस शेजारच्या टीममधला एकजण मोठ्याने हिंदीत म्हणाला, "आ गयी स्क्रॅप टीम!" सगळे हसले. इक्बाल हसला. तू तर सगळ्यांत जोरात हसलास, म्हणालास, "हां भाई, स्क्रॅप. लेकिन पीछे से नंबर तो देख लिया ना हमारा?"

मी हसलो नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो, गळ्यात क्लबचा पास होता, हातात फाईल होती. मला ते लागलं. तुम्हा दोघांना का लागत नाही याचाही मला राग आला.

मग त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीआधी गाडीला चीर सापडली. उजव्या पुढच्या चाकावर, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे, केसाएवढी. तू वेल्डिंग केलंस. मी बघायला उभा होतो, तू काच पुढे करून म्हणालास, "बघ, पण ह्यातून बघ, डोळे घालवशील. ऑफिसला लागतात." जोड झाल्यावर तू तो घासलास, मग बारीक कागदाने घासलास, मग रंग मिसळलास, जुना पडलेला पांढरा, उन्हाने पिवळसर झालेला, अगदी तसाच. लावून झाल्यावर इक्बालला म्हणालास, सांग कुठे होती चीर. त्याला सांगता आलं नाही. तुझ्या हायवेवरच्या उस्तादाने तुला हेच शिकवलं होतं ना, गिऱ्हाइकाला जोड सापडला तर मजुरी मागायची नाही.

रंग लावायच्या आधी तू मला विचारलंस, "नियमात बसतं ना रे? वाचलंस ना सगळं?"

मी म्हणालो, "वाचलंय."

मी इंजिनची पानं वाचली होती, टायरची वाचली होती, दंडाची वाचली होती. बॉडीच्या दुरुस्तीची पानं कंटाळवाणी होती, ती नजरेखालून घातली होती. तेवढ्यावर मी "वाचलंय" म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी टेबलावर फॉर्म भरताना मला ते दिसलं. रकाना होता: दुरुस्ती, वेल्डिंग, असल्यास तपशील. आणि खाली बारीक अक्षरांत, वेल्डिंग चालेल, पण जोड रंगवायचा नाही, तपासणीसाठी उघडा ठेवायचा. चालेल, असं लिहिलं होतं, भाई! मनाई नव्हतीच. तुझ्याकडे येऊन मी एवढंच म्हणायला हवं होतं, "भाई, माझं वाचायचं राहिलं, रंग काढ." तारेच्या ब्रशने दहा मिनिटांचं काम. शर्यतीला दीड तास होता.

पण शेजारी तीच टीम उभी होती, त्यांच्या गाडीच्या फॉर्मवर सगळे रकाने स्वच्छ. मला वाटलं, आता मी वेल्डिंग लिहिणार आणि हे वाचणार, आणि वर तुझ्यापुढे जाऊन कबूल करायचं की तुझ्या ग्रॅज्युएटने पुस्तक पुरतं वाचलंच नव्हतं. मी त्या रकान्यात लिहिलं, निल, म्हणजे काही नाही.

सही चालकाची लागते. मी फॉर्म तुझ्याकडे आणला. तुला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण डब्यांवरचे, खोक्यांवरचे शब्द ओळखता यायचे. कूलंट, प्रायमर, वेल्ड. तू पेन हातात धरून थांबलास. बोट ठेवलंस.

"इथं वेल्डचं काय लिवलंय?"

"काही नाही. ते सगळ्यांनाच छापलेलं असतं."

तू सही केलीस. तुझी ती हळूहळू काढलेली सही, शाळेतल्यासारखी. मग डोळे मिटून गाडीत बसलास. तीन, दोन, दोन, तीन.

त्या दिवशी तू जशी गाडी चालवलीस तशी मी कुणाला चालवताना पाहिलेलं नाही. शेवटच्या फेरीला कुवेतवाल्याला आतून काढलंस तेव्हा इक्बाल माझ्या खांद्यावर असा आपटला की फाईल खाली पडली. तो रडत होता. मीही रडत होतो. तू गाडीतून उतरलास आणि पहिल्यांदा विचारलंस ते असं, "टोप कुठे ठेवलाय? भूक लागली."

मग पहिल्या तीन गाड्या तपासायला नेल्या. म्हातारे बहरैनी इन्स्पेक्टर, शांत माणूस. हातात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र, डॉक्टर छातीवर नळी लावतो तसं जागोजागी टेकवत होते. उजव्या चाकावर थांबले. पुन्हा टेकवलं. बोटाने चाचपलं. मग तुझ्याकडे बघून विचारलं, हे कुणी केलं?

तुझा चेहरा उजळला. तुला वाटलं, जाणकार माणसाने तुझं काम ओळखलं.

"मी!" तू छातीवर हात ठेवलास. "माय वर्क, सर. गुड, नो?"

त्यांनी यंत्र खिशात ठेवलं. म्हणाले, "व्हेरी गुड वर्क." आणि फॉर्म मागवला.

आत खोलीत तिघे पंच बसले होते. फॉर्म टेबलावर ठेवला होता, एकाचं बोट त्या रकान्यावर होतं, त्याच जागी जिथे सकाळी तू बोट ठेवलं होतंस. त्यांनी विचारलं, हे निल कुणी लिहिलं? तू त्या बोटाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मला वाटतं एक श्वास जाईल एवढाच वेळ. आणि मी बघितलं, तुला सगळं कळलं.

मोडक्या इंग्रजीत तू म्हणालास, "आय टेल हिम, राइट निल. ही इज ग्रॅज्युएट, ऑफिस मॅन. कार नो अंडरस्टँड."

मी तिथे होतो. मला इंग्रजी येत होतं. त्या खोलीत आपल्यापैकी मलाच इंग्रजी येत होतं. मी तोंड उघडलं नाही.

जिंकलेली शर्यत गेली, एक वर्षाची बंदी आली. परतताना गाडी तूच चालवत होतास, टोप बेल्ट लावून मागे. इक्बाल शिव्या देत होता, म्हाताऱ्याला, क्लबला, कुवेतवाल्यांना. झिंजला माझ्या बिल्डिंगखाली थांबल्यावर तू फक्त म्हणालास, "तुझं ऑफिस हाय. कंपनीत असलं काय गेलं तर व्हिसावर येईल. माझं काय, मी ग्रीस-ऑइलमधला माणूस. यल्ला, चल, उतर. खलास."

खलास म्हणालास तू. मी ते सोयीने खरं मानलं.

बंदीचं वर्ष संपलं तेव्हा शर्यतीच्या लायसन्सचा फॉर्म मीच आणून दिला होता. तू म्हणालास डोळे कमजोर झालेत. सुईत दोरा ओवायचास तू, वहिनीला जमायचा नाही तेव्हा. गाडीवर ताडपत्री पडली. ट्रॅककडे जायचा रस्ता लागला की तू मुद्दाम कसलातरी विषय काढायचास. मग तो विषय आपण ताणायचो. किती भांडलो आपण! गावच्या घराला कौलं की पत्रा, यावर दोन वर्षं. माझ्या मुलीने मराठीत उत्तर द्यावं की नको, यावर तर दर शुक्रवारी. पण ज्या एका गोष्टीवर तू मला कानाखाली मारायला हवी होतीस त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. मी वाट बघायचो. तू रागाने बोलला असतास तर मला माफी मागायला दार तरी सापडलं असतं. आता वाटतं, दाराची वाट काय बघायची होती? मी लहान भाऊ, वाकून आत यायचं.

शेवटच्या शुक्रवारी मी ठरवून आलो होतो, हे तुला माहीत नाही. बुसैतीनला जेवायला, साफी मासा तळलेला. गाडीतून उतरताना मी मनात वाक्य जुळवलं होतं. तू दारातच माझ्या मुलीला धरलंस.

"काय ग आयशू, अभ्यास केलास?"

"येस, बडे अब्बा. ऑल डन."

"आपल्यात बोल. ऑल डन तर मी पण बोलतो, टायर बदलून झाला की."

ती हसून म्हणाली, "झाला. सगळा झाला."

"सगळा नाय ग, अभ्यास कदी सगळा होत नाय. तुझ्या बापाला विचार, तो ग्रॅज्युएट हाय."

तू माझ्याकडे बघून हसलास. त्यात टोमणा नव्हता, मला तुझे टोमणे ओळखता येतात. नऊ वर्षांनंतरही तुला ते म्हणताना तेवढाच आनंद होत होता. आणि मी माझं जुळवलेलं वाक्य पुढे ढकललं. म्हटलं, आज नको, आज त्याचा मूड चांगला आहे. पुढच्या शुक्रवारी, इंशाल्ला.

बुधवारी इक्बालचा फोन आला.

तो मसुदा घेऊन मी आधी इक्बालकडे गेलो. गॅरेजात तुझ्या स्टुलावर कुणी बसत नाही अजून. मी त्याला सगळं सांगितलं, सकाळच्या फॉर्मपासून. तो हातातला पाना पुसत राहिला, पुसून झालेला पाना पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचंच."

"मग विचारलं का नाहीस?"

"भाईने सांगितलं होतं. त्या रात्रीच. बोल्ला, इक्बाल, मुनीरला कदी छेडायचं नाय ह्यावरून. तो आपल्या घरातला एकच शिकलेला हाय." मग तो माझ्यावर ओरडला, खरंच ओरडला, बाहेरचे लोक बघायला आले. "आता कशाला बोलतोस? तो वाचणार हाय का? जिता होता तेव्हा तोंडात काय होतं तुझ्या?"

मी म्हणालो, "तो नाही वाचणार. पण बाकीचे वाचतील. त्याचे नातू वाचतील, त्यांना इंग्रजी येतं."

"तुझ्या ऑफिसला कळलं तर?"

"कळू दे."

इक्बालने पाना जागेवर ठेवला. मग म्हणाला, "लिही. पण ह्या वेळी सगळं वाचून लिही."

मी एक पान लिहिलं, इंग्रजीत, माझ्या नावाने, खाली पदवी न लिहिता. रकान्यात निल मी लिहिलं, चालकाने विचारलं तेव्हा मी त्याला खोटं सांगितलं, पंचांपुढे तो माझ्यासाठी खोटं बोलला. सेक्रेटरीने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. म्हणाले, समितीपुढे ठेवतो. ते म्हातारे इन्स्पेक्टर आता समितीवर आहेत, त्यांनी म्हणे विचारलं की तो वेल्डर गेला का. गेला म्हटल्यावर उभे राहून त्यांनी तुझ्यासाठी दुआ केली.

भाई, मी तुला माफ कर म्हणणार नाही. तू ते त्या खोलीतच केलंस, माझ्याकडे बघितलंस तेव्हा, आणि मला ते त्याहून जड झालं. मी फक्त एवढंच म्हणतो की तू मला शिकवलंस ते असल्या वेळी बोलता यावं म्हणून शिकवलंस, आणि मी नऊ वर्षं उशिरा बोललो.

काल समितीचं पत्र आलं. शर्यतीचा निकाल बदलणार नाही. जोड रंगवलेला होता, नियम मोडला होता, ते बरोबर आहे. पहिला नंबर कुवेतवाल्यांचाच राहील. तुझ्या नावापुढचं "चालकाने दुरुस्ती लपवली" हे वाक्य काढलंय. त्या जागी छापणार आहेत, टीमची कागदपत्रं भरणाऱ्याने चालकाला न सांगता खोटी नोंद केली. पुढे माझं पूर्ण नाव आहे.